जांभळीची ढोली

चाचा, गेल्या चार महिन्यांत माझ्या हातानं जे केलं ते आधी सांगतो: फळीवर चिकटवून केलेलं एक झाड. जांभळीच्या सालीचं खोड, साल मागून सुरीनं तासून पुठ्ठ्याएवढी पातळ केलेली. एकशे बारा पानं, दाबून वाळवलेली, देठ समोरासमोर, कारण जांभळीची पानं तशीच असतात. ओढ्याकाठची माती, दोनदा चाळलेली. जुन्या साडीचे दोरे उसवून केलेलं गवत. वहीच्या जांभळ्या कापडातून कापलेली जांभळं. आणि हे चिकटवायला मैद्याची खळ, घरी शिजवलेली, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून. विकतच्या गोंदाला मी हात लावला नाही.

कुणी शिकवलं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, कुणी नाही. ते खोटंही नाही. फाउंड्रीतली पाळी सुटली की मी शिवाजी पेठेत तुमच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचो. तुम्ही शिकवलं नाही, मी बघितलं. आजही खळ शिजायला लागली की तुम्ही डोळ्यांसमोर येता: पातेल्यात पळी फिरवताय, वाफेनं चष्मा पांढरा झालाय, आणि चष्मा न पुसताच तुम्हाला कळतं की खळ झाली. एकदाच एक वही मला बांधू दिलीत. मी आतल्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव घातलं. तुम्ही तो कागद ओलाच सोलून काढलात. आवाजही चढवला नाहीत. "वलं हाय तवर खळीचं, वाळलं की गिऱ्हाइकाचं. बांधणाऱ्याचं कवाच न्हाय." आठ दिवस मी पायरीकडं फिरकलो नाही.

हे झाड माझ्या मित्राचं. गडहिंग्लजकडं त्याच्या घरासमोरच्या बांधावर होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा झाड तोडलं आणि घरही गेलं. तोडलं त्या दिवशी मी पोतं घेऊन गेलो होतो, साल आणि पानं तेव्हाची. मित्र इथं मुलाच्या फ्लॅटवर राहायला आला आणि त्यानं बोलणंच सोडलं. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा, बस. म्हणून मी झाड करायला घेतलं. मोरचूद जरा जास्त पडला, तर वाळल्यावर मातीवर निळी झाक आली. तीन दिवस खरवडत बसलो. चौथ्या दिवशी दारातून सहज वळून बघितलं, तर त्या निळ्यानं झाडाखालच्या ओढ्याला पाणी आलं होतं. ते तसंच राहू दिलं.

काच न लावता फ्रेम केली आणि गेल्या रविवारी नेऊन दिली. त्यानं डोळे मिटून खोडावरून बोटं फिरवली. वर, खाली, पुन्हा वर. मला वाटलं, आता काही बोलत नाही हा.

"ढोली डावीकडं हुती की," तो म्हणाला. "पोपटाची."

मी उजवीकडं केली होती. मी, पानांचे देठ भिंगातून तपासणारा. राग आला. म्हटलं, मी इतक्यांदा आलो, बघितलीय, उजवीकडंच होती.

"तू रस्त्याकडनं बघितलंस, मर्दा. मी घरातनं बघायचो."

मग तो दुपारभर बोलत होता. पोपटांबद्दल, ओढ्याबद्दल, आईनं ढोलीत लपवलेल्या चाव्यांबद्दल. सून दारात उभी राहून ऐकत होती. चहाचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं टाकणार, ज्या वह्यांखाली पानं दाबली त्यांच्याच दाबाखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. फ्रेमवाल्याकडं एक हॉटेलवाले बसले होते. झाड बघून म्हणाले, खाली कोपऱ्यात सही करा, मी घेतो, आणि आकडाही सांगितला. मी म्हटलं, हे माझं नाही, आणि सही केली नाही. एवढं तुमच्यासारखं वागलो. मात्र नाही म्हणायच्या आधी, नीट ऐकू आलं नाही असं दाखवून, आकडा मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावला. साठ हजार.