तरवडाच्या माळावर आंबा

नाना, काल पारनेरला जाताना माळावर तरवड फुललेला दिसला. सगळं रान करपलेलं आणि हा पिवळाधमक. तुम्ही असता तर एसटी थांबवून कंडक्टरचासुद्धा तास घेतला असता.

तो धडा मला अजून पाठ आहे. "पाऊस कमी, म्हणून पानं बारीक. शेळ्या खातात, म्हणून पाला कडू. तक्रार नाही, जुळवून घेतलं!" तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होता, म्हणून उलट कुणी विचारलं नाही. त्याच माळाला लागून, घरामागच्या मुरमात तुम्ही आंब्याचं रोप लावलंत आणि ऐन चैत्रात त्याचं पाणी तोडलंत. आई भरली कळशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. "अवो, आंबा हाय तो. तरवड न्हाई." तुम्ही मान वर न करता म्हणता, "मुळं खाली जातील. सवय लागू दे." आई कळशी घेऊन आत वळते.

त्याच वर्षी जूनमध्ये नगरच्या निवासी संस्कृत पाठशाळेच्या फाटकात मी तुमचा सदरा धरून रडत होतो, आणि आईला तुम्ही तेच ऐकवलंत, "सवय लागू दे." एकच वाक्य दोन रोपांना पुरवायची तुमची काटकसर मोठी. दिवाळीत घरी आलो, तर पावसाळा उलटूनही आंब्याला पान फुटलं नव्हतं. "रोपच कच्चं होतं," तुम्ही म्हणालात. मग माझ्या पाठीवर थाप मारून, "हा बघा कसा रुळला!" मी रुळलो नव्हतो, नाना. रडायचं थांबलो होतो, एवढंच.

माझा जन्म संस्कृतची शब्दरूपं शिकवण्यात गेला, विज्ञान तुमचं. तरी सांगतो. तरवड तहान सोसून शहाणा झाला नाही. ज्यांचा पाला गोड होता त्यांना शेळ्यांनी खाल्लं. कडू होते ते उरले, त्यांचं बी पडलं. असं कित्येक पिढ्या चाललं. त्यात एका झाडाला कुणी काही शिकवलं नव्हतं. तुम्ही मेलेल्यांचं नाव काढलं नाहीत, उरलेल्याला मात्र शाबासकी दिलीत.

हे पत्र पाठवायचं नाहीच. पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. काल पारनेरात एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलो. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. घसा पार सुकला होता. मी म्हणालो, "नको, मला सवय आहे."

ती तांब्या तिथेच ठेवून आत गेली, आणि मी अख्खा तांब्या उभ्या उभ्या प्यालो.