वालाचा वर्ग

रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. दामोदर यास,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं लेकाकडे, अनयकडे, पुण्याला सुखरूप असाल. आसावरीचा गुडघा कसा आहे? पेणच्या घरी सगळं ठीक. टाकी धुऊन घेतली. तिने सांगितलेले पोह्याचे पापड आणून डब्यात भरले आहेत. फ्रीज रिकामा करून बंद केला आहे.

फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते. संस्थेचा अध्यक्ष म्हणून तू जी नोटीस पाठवलीस, तिचं उत्तर शाळेच्या कागदावर वेगळं येईल. हे बहिणीचं.

शाळेमागची बाग सपाट करून पेव्हर ब्लॉक बसवायचे, सुवर्णमहोत्सवाला पाहुण्यांच्या गाड्या तिथे लावायच्या, असं तुझं म्हणणं. माझं उत्तर नाही असं आहे. मी मुदत मागत नाही.

तुला तो पोपटीचा फोटो खुपला. मुख्याध्यापिका राखेशेजारी उकिडवी बसलेली, भोवती पोरं. फोटोत न दिसणारं ऐक. वाल मुलांनी पेरला. बी प्रत्येकाने घरून आणलं आणि ते कुठल्या शेतातलं हे आजीला विचारून घेतलं. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा घातला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. पाणी नसताना शेंगा शिजल्या कशा, यावर सातवीने माझ्याशी तासभर वाद घातला. हीच मुलं फळ्यासमोर तोंड उघडत नाहीत.

"पालकांच्या तक्रारी आहेत," असं तू लिहितोस. तक्रार एकाची होती. सातवीतल्या किमयाचे वडील प्रविण, धाटावला कंपनीत आहेत. शिफ्ट सुटल्यावर तसेच आले नि म्हणाले, "बाई, आमी चिखलातून भायेर पडलो. पोरीला परत कशाला घालताव?"

प्रश्न खरा आहे. मला तो खोडता आला नाही. मी म्हटलं, तुमची मुलगी पुढे काय होईल ते ती ठरवेल; पण आजीला जे येतं त्याची तिला लाज वाटू नये, एवढं मी बघणार. "बघतो," म्हणून ते गेले. पुढच्या रविवारी कुंपणाची तार घेऊन आले, मोटरसायकलवर मागे आई, इंदुबाई. उतरल्या उतरल्या त्या म्हणाल्या, "ह्यो ल्हानपणी दुसऱ्याच्या शेतातला वाल चोरून खायाचा, बाई. आता कुंपन घालाया आलाय." पोरं खिदळली. प्रविणही हसले.

गुरुवारी तुझा कंत्राटदार मितेश जेसीबी घेऊन आला. मी मुलांना वाफ्यांचं क्षेत्रफळ काढायला लावलं होतं. म्हटलं, वर्ग चालू आहे, नंतर या.

"नंतर म्हणजे कधी, मॅडम?"

"मी निवृत्त झाल्यावर. पुढच्या वर्षी मे महिन्यात."

"मला काय, साहेबांनी सांगितलं म्हणून आलो."

"मग साहेबांना हेच सांगा."

यंत्र घेऊन तो गेला. उद्या परत येणार आहे. उद्याचा वर्गही बागेतच भरेल. पुढच्या पेरणीसाठी बी कसं राखायचं ते इंदुबाई आणि मुलांच्या चारपाच आया शिकवणार आहेत. यंत्र आत शिरलंच, तर मुलांना मी वर्गात पाठवीन. मी हलणार नाही. आया काय करतील ते त्यांना विचार, त्या माझ्या हुकमातल्या नाहीत.

आता राहिलेलं. परवा तू म्हणालास, "माझ्या घरात राहून माझ्याच संस्थेविरुद्ध?" मी फोन ठेवला. इतकी वर्षं पेणहून रोह्याला एसटीने जात-येत राहिले, त्या घरात मी तुझ्या परवानगीने राहते हे कधी मनात आलं नव्हतं. काल कपडे आणि पुस्तकं घेऊन इंदुबाईंच्या मागच्या खोलीत राहायला आले. पेणची किल्ली शेजारी गिरजाबाईंकडे आहे. राग आहेच. पण त्याहून, मला हे "नाही" तुझ्या छपराखाली राहून म्हणायचं नव्हतं.

घर तुझं, मान्य. बाग तुझी नाही. माझीही नाही.

आसावरीला सांग, तिच्यावर रुसले नाही. परत आलात की जेवायला या. खोलीत खुर्ची नाही, मांडी घालून बसावं लागेल.

तुझी थोरली बहीण,
सरोजिनी
मुक्काम रोहा, यापुढे कायम