वेंडेल खोलीत होता

मंगळवार, ११ जानेवारी १९९४

गाणं आलं! चौदा महिन्यांनी! आधी इथं लिहून ठेवते – उद्या खोटं वाटेल.

दहाला जुआनितानं वेंडेलला माझ्या दारात सोडलं; दर मंगळवारी आम्ही दोघं गाणी लिहायला बसतो. तो आता गाडी चालवत नाही. का, ते कुणाला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. "डोळे अधू झालेत म्हण, काहीही म्हण. पण माझा नवरा विसरायला लागलाय हे नॅशव्हिलच्या गाणेवाल्यांना कळलं ना, तर त्याला जिवंतपणी पुरतील!"

नेहमीसारखी त्यानं आपली गिटार लावली. पिमेंटो चीजचं सँडविच खाल्लं. मग विचारलं, "लिओ कसा आहे?" माझ्या लिओला जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, बरा आहे. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. मीही पुन्हा तेच.

आणि मग मला तो शर्ट आठवला. लिओ गेल्यावर दर सोमवारी मी त्याचा निळा शर्ट धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायची. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाई एकटी नाही. दोन वर्षं घातला. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, कन्फेशनमध्येसुद्धा नाही. आज ते गातच बाहेर आलं. वेंडेलची गिटार ओढून मांडीवर घेतली, आणि बोट पडेल तिथं सूर होता! *वाऱ्यानं बाही हलते, लोक म्हणतात, घरात माणूस आहे.* तीन कडवी, दीड तासात.

वेंडेल खिडकीबाहेर बघत बसला होता. ओळ एकही त्याची नाही. शेवटी एवढंच, "सिस्टर, हे फाडू नकोस." मी कॉन्व्हेंटात शिकले, म्हणून चौतीस वर्षं त्याची 'सिस्टर'.

तिथंच गाऊन कॅसेट भरली, तिच्यावर दोघांची नावं घातली. गाणं होताना खोलीत जो असतो त्याचं नाव लागतं, अर्ध्याचा वाटेकरी. कुणी किती ओळी दिल्या ते इथं विचारत नाहीत. दोनला जुआनिता त्याला न्यायला आली, कॅसेट पाकिटात घालून ऑफिसात – माझ्या गाण्यांच्या प्रकाशकाकडे – टाकायला तिच्याकडेच दिली.

गुरुवार, १३ जानेवारी

ऑफिसातून डॅनाचा फोन. माझी गाणी गायकांपर्यंत नेऊन पोचवणं हे तिचं काम. "मिस मार्सेला, मी गाडी कडेला लावून रडले! डोळ्यांचं काजळ पार गळ्यापर्यंत!" डार्ला केट प्रुइटनं गाणं ऐकलंय. होल्डवर ठेवलंय – म्हणजे ती हो-नाही म्हणेपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या कानावरही पडायचं नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. हे सगळं गाव त्या शब्दावर चालतं.

डार्ला केट! सध्या रेडिओ लावला की हिचाच आवाज. एकतीस मार्चला ऑफिसशी माझा करार संपतोय. तोवर कुणी माझं एकही गाणं रेकॉर्ड केलं नाही, तर एकसष्टाव्या वर्षी मी घरी. घरी म्हणजे कुठं? मला दुसरं येतं काय?

मग म्हणाली, "एक अडचण आहे. कॅसेटवर वेंडेल टॅकेटचं नाव आहे."

मला कळलंच. डार्ला केटच्या रेकॉर्डिंगचं सगळं डेनिस ओकलीच्या हातात. दोन वर्षांपूर्वी वेंडेलनं होल्डवरचं एक गाणं डेनिसला दिलं. आधीच एकाला शब्द दिलाय हे तो विसरला होता. डेनिसनं रेकॉर्ड केलं, आणि बाजारात येण्याआधी दहा दिवस ते दुसऱ्याच्या आवाजात रेडिओवर! इथं माणूस दारू पितो, बायको सोडतो, जेलात जातो, सगळं माफ. हे नाही. त्या दिवसापासून डेनिस म्हणतो, टॅकेटचं नाव असलेला कागद माझ्या टेबलावर नको.

तो लबाड नाही, आजारी आहे – एवढं एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. शपथ! गिळलं.

"मिस मार्सेला," डॅना हळूच म्हणाली, "गाणं तुम्ही एकट्यानंच लिहिलंय ना?"

मी म्हटलं, विचार करते.

शुक्रवार, १४ जानेवारी

शब्द माझे. नवरा माझा. शर्ट माझा. मग डॅनाला फोन का करवत नाही?

मंगळवार, १८ जानेवारी

गाण्याच्या नोंदणीचा फॉर्म भरला. एकच नाव. त्याच खोलीत, त्याच टेबलावर. समोर वेंडेल बोटानं ब्रेडचे तुकडे टिपून खात होता. "काय लिहितेस, सिस्टर?" "बिल आहे, विजेचं." "खूप आलंय का? तोंड का असं झालंय?"

रविवार, २३ जानेवारी

चर्चमध्ये मासला गेले, पण कम्युनियन घेतलं नाही – मनात पाप ठेवून ते घेत नाहीत. बाकावर बसून राहिले.

केंटकीच्या शाळेत सिस्टर अल्फोन्सीन म्हणायची, "मार्सेला सिसेल, देवानं गळा दिलाय तो लॅटिन गायला, दारूड्यांची रडगाणी गायला नव्हे!" आणि स्वयंपाकघरात भांडी घासताना तीच मला त्या दारूड्या हँक-फिंकची गाणी म्हणायला लावायची, दार लोटून. पुढं साठ साली तिनंच बसभाडं हातात कोंबलं. या गावात उतरले तेव्हा पाऊस होता, आणि डेपोवर एक लुकडा माणूस गिटारच्या पेटीवर बसून केळं खात होता. "गातेस का?" "हो." "मग भूक लागली असेल," म्हणून त्यानं उरलेलं अर्धं केळं पुढं केलं. तो वेंडेल. त्यानंच पहिल्यांदा मला स्टेजवर नेलं. माझी एकुलती एक रेकॉर्ड त्याच्यामुळे झाली. बारा वर्षं एका खटारा स्टेशनवॅगनमधून ओहायो, अलाबामा, टेक्सस! मोटेलात एकच खोली मिळाली तर ती माझी, तो गाडीत झोपायचा, आणि सकाळी म्हणायचा, "तुझ्या घोरण्यापेक्षा ट्रकवाले बरे."

देवा, मी काय करतेय?

बुधवार, २ फेब्रुवारी

स्टुडिओत बोलावलं होतं. गाणं मेलं.

दुसरं काय लिहू? गावातला उत्तमातला उत्तम गिटारवाला, बर्ल; त्यानं माझ्या कॅसेटवरून सगळं उतरवून घेतलं होतं. सूर तेच, चाल तीच, आणि ऐकताना वाटावं कुणीतरी पत्र वाचून दाखवतंय. डार्ला केटनं सहा वेळा म्हटलं. पोरगी जीव तोडून गात होती. सातव्यांदा हेडफोन काढले. "मॅम, कॅसेटवर तुम्ही गाताय तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. इथं का नाही येत?"

बर्ल म्हणाला, "त्या गिटारला काहीतरी केलंय. दोन तारा सुरात नाहीत, आणि बेसूरही नाहीत. कॅसेट इतकी खरखरते की मला नेमकं सापडत नाही. कशी लावली होती, मिस मार्सेला?"

मला माहीत नव्हतं! माझंच गाणं, आणि मला माहीत नव्हतं.

डेनिसनं घड्याळ बघितलं. "सोमवारी शेवटचा दिवस. नाही झालं तर यादीत दुसरी गाणी आहेत."

गुरुवार, ३ फेब्रुवारी

आज सेंट ब्लेझ, घसा सांभाळणाऱ्या संताचा दिवस. फादरनी दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याला लावली, आशीर्वाद पुटपुटले. दरवर्षी मी मागते, आवाज राहू दे. आज मागायचं धाडस झालं नाही.

दिवसभर माझ्या गिटारच्या खुंट्या पिळतेय. एक तार तुटली, बोट कापलं. गाणं सापडत नाही. गळाही वर चढत नाही. डॉक्टर म्हणतात, गाठ नाही, वय आहे. वयाला काय कापून काढता येतं?

चूल पेटवली नाही. कोरडे बिस्किटाचे तुकडे कॉफीत बुडवून खाल्ले. आता फक्त एकच दार उरलंय, आणि तेच ठोठावायला तोंड नाही.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

गेले. जुआनिता दारातच म्हणाली, "आज दिवस बरा नाही. मला त्यानं सकाळी 'मॅम' म्हटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सभ्यपणे बोलला!" हसली, आणि ॲप्रनमध्ये तोंड लपवलं.

वेंडेल स्वयंपाकघरात बसला होता, पुढ्यात कॉर्नब्रेड आणि ताक. मला ओळखलं की नाही कोण जाणे. त्याची गिटार आणून त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, वेंडेल, त्या मंगळवारी कशी लावली होतीस? आठव ना! माझा आवाज चढला. तो घाबरून जुआनिताकडे बघायला लागला. माझीच मला शरम वाटली.

मग काही सुचेना, म्हणून मी नुसती गायला लागले. बारीक आवाजात. पहिल्या ओळीच्या शेवटी गळा फाटला.

त्याचा हात खुंटीकडे गेला.

चौथी तार किंचित उतरवली, वाजवली, माझ्या तोंडाकडे बघितलं. मी पुन्हा तीच ओळ. त्यानं पाचवी उतरवली – अगदी केसभर. मान वाकडी करून कान माझ्याजवळ आणला. आणि एकदम सगळं तिथं होतं! पूर्ण गाणं, अंगणासकट!

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"तुझा आवाज टेकतो तिथं तार आणायची." मी काहीतरी बाळबोध विचारल्यासारखा तो बोलला. "वर गेलीस की दुखतं तुला. तू सांगत नाहीस."

"कधीपासून करतोस?"

तो विचारात पडला. नाही आठवलं. ताक प्यायला.

जुआनिता सिंकपाशी पाठमोरी उभी होती. "वीस वर्षं तरी," ती म्हणाली. "घरी येऊन सांगायचा, आज सिस्टरला अमुक तार खाली लागली. मला वाटलं तुला माहीत आहे."

म्हणजे दर मंगळवारी त्यानं गिटार लावली ती माझ्या गळ्याच्या मापानं. आणि मी त्याच्या हातातून ती ओढून घ्यायची, आणि समजायची, आज मला सूर सापडला!

सोमवार, ७ फेब्रुवारी

झालं. वेंडेलसारख्याच तारा बर्लला लावून दिल्या, आणि दुसऱ्यांदा म्हणतानाच जमलं. डार्ला केट रडली, बर्लनं गिटार खाली ठेवून टोपी काढली. डेनिससुद्धा म्हणाला, "हेच आल्बमचं पहिलं गाणं." करार राहिला. मी राहिले.

बर्लनं जाता जाता विचारलं, "ही तार लावण्याची अक्कल कुणाची?"

मी म्हटलं, माझी.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

जुआनिताला फोन करून सांगितलं, मला सर्दी झालीय, आज त्याला आणू नको.

बुधवार, १६ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. फादरनी कपाळावर राख लावली. तशीच चर्चमधून वेंडेलकडे गेले, डार्ला केटची टेप घेऊन.

तो आज छान होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. "सिस्टर, कपाळ पूस, चूल फुंकत होतीस का?" तीच थट्टा, चौतीस वर्षांची. मी हसले, आणि हसताना कसली भीती वाटली!

टेप लावली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. बाहीच्या ओळीला त्याचा हात हवेत उठला आणि हळूच खाली आला – तार उतरते तसा. गाणं संपलं. मग म्हणाला, "कुणाचं हे?"

मी मशीनमधून टेप काढून घेतली.

"ज्या कुणाचं असेल," वेंडेल म्हणाला, "त्यांच्याबरोबर एकदा खोलीत बसायला मिळालं पाहिजे होतं."

मी कोट न घेताच बाहेर पडले. जुआनिता मागून हाका मारत होती.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

आठ वाजताच ऑफिसच्या दारात. डॅनाला म्हटलं, दोन नावं घाल. डेनिसनं गाणं काढून टाकलं तर टाकू दे, करार गेला तर जाऊ दे. तार त्यानं लावली होती, मी नाही.

डॅनानं कपाटातून फाइल काढली, आणि किराण्याच्या पावतीचा एक तुकडा माझ्यापुढं ठेवला. "कॅसेटच्या पाकिटातच होता. तुम्हाला दाखवू नको असं त्यांनी वर लिहिलं होतं."

अक्षर वेंडेलचं. गाडीत लिहिल्यासारखं, हेलकावे खाणारं. *आज मी त्या खोलीत नव्हतो. गाणं तिचं. माझं नाव दिसलं तर डेनिससारखं कुणी घेणार नाही. मी उद्या विसरेन, म्हणून आत्ताच लिहून देतो.*

तारीख अकरा जानेवारी.