हद्दीबाहेरचा संडास

सोम., ३ मार्च
लघवीची जळजळ पुन्हा. तिसऱ्यांदा. डॉ. बाई ओरडल्या, "पाणी का पीत नाही?" काय सांगू. सकाळी सहा ते दोन रस्ता झाडायचा, मनगटावर ते स्मार्ट घड्याळ. संडास डांगे चौकापलीकडे, म्हणजे माझ्या हद्दीबाहेर. हद्द ओलांडली की घड्याळ कोकलतं, पालिकेतल्या साहेबांच्या नकाशावर मी लाल, वर अर्ध्या दिवसाचा खाडा. अगदीच असह्य झालं तर एखादी खाडा सोसून जाते. मला त्यापेक्षा घसा कोरडा बरा. दोन महिने हेच.

गुरु., ६ मार्च
डोकं शैलाचं. माझी झाडायची जोडीदारीण, लातूरची. एकीनं दोन्ही घड्याळं बांधून झाडत राहायचं, तोवर दुसरीनं जाऊन यायचं. आज बाटलीभर पाणी प्यायले! कोठीवर हजेरीला येणाऱ्या सगळ्याजणींना मीच शिकवलं. फार भारी वाटलं.

मंगळ., १८ मार्च
जळजळ गेली. आमच्या हद्दीत संडास द्या, असा अर्ज घेऊन साहेबांकडे. माणूस वाईट नाही. नकाशाच पुढे केला. "ताई, आधी बायका बाहेर जाताना दिसायच्या. आता दहा दिवसांत एकही नाही. गरज दिसतच नाही हो." अर्ज परत.
जिन्यातच बसले. गरज आम्हीच पुसून टाकली. आणि शिकवणारी कोण, तर मी. स्वतःच्या शहाणपणाचा इतका राग कधी आला नव्हता.

शुक्र., २१ मार्च
ठरलं. सोमवारपासून जिचं घड्याळ तिच्याच मनगटावर. पाणी प्यायचं, लागली की जायचं. दिसू दे नकाशावर.
पण मी कायम, मला फार तर खाडा. बाकीच्या कंत्राटी. शैला म्हणाली, "तुमचं बरं हाय ताई. मला काढलं तर लेकरं घेऊन कुठं जाऊ?" खरंय तिचं. जबरदस्ती नाही म्हटलं. मी मात्र जाणार.

सोम., २४ मार्च
नऊला बाटली संपवली. शैलानं सवयीनं हात पुढे केला, माझं घड्याळ घ्यायला. मी नको म्हणून मान हलवली. चौकात हद्द ओलांडली, मनगट कोकललं. थांबले नाही.
रस्ता ओलांडते तोच पुन्हा तोच आवाज. माझं तर गप्प झालेलं. वळून पाहिलं. शैला येत होती, झाडू हातातच.
"चला ताई," एवढंच म्हणाली.
उद्या सहाला हजेरी. तिचं नाव पुकारतात का, बघायचं.