बीचवाला रूम

२ फेब्रुवारी १९८९, अंबरनाथ
वृंदा साताऱ्याहून परत आली. दिवाळीपासून माहेरीच होती. अट एकच घातली: थापा बंद, आणि चुकलं की चुकलं म्हणायचं. लगेच कबूल केलं. माझं सहसा चुकतच नाही, त्यामुळे अट सोपी आहे.
निश्चय: बायकोला समुद्र दाखवायचा. लग्न झाल्यापासून शब्द दिलेला आहे. या वेळी ती गेली तर परत यायची नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
फॅक्टरीतून परस्पर उल्हासनगर. कॅम्प पाचमधल्या लछमनदासकडे अलिबागच्या पुढच्या एका हॉटेलचं बुकिंग केलं. त्याने विचारलं, साइडवाला रूम चाहिए या बीचवाला? म्हटलं, ऑफकोर्स बीचवाला! तो म्हणाला, सोच लो साईं, साइडवाले में खिडकी है. मला काय खुळा समजतो? अख्खा बीच मिळत असताना खिडकी घेऊन काय करू? ठणकावून सांगितलं, बीचवालाच!
वृंदाला म्हटलं, दार उघडलं की पायाशी लाट. ती हसली. किती महिन्यांनी!

१० फेब्रुवारी
पोचलो. रूम बीचवालाच आहे. म्हणजे दोन रूमच्या बीचवाला. खिडकी नाही. मागे हॉटेलचं स्वयंपाकघर. पंखा आहे, लाइट गेलेत.
वृंदा भिंतीकडे बघत बसली. तिला समजावलं, खारी हवा थेट अंगावर घेऊ नये, म्हणून मुद्दाम आतली खोली घेतली. मुद्दाम? म्हणाली. हो म्हटलं. ही थाप नव्हे, खुलासा आहे.
आतून माझी टरकली आहे.

११ फेब्रुवारी
चहा खारट. आंघोळीचं पाणी खारट. साबणाला फेस नाही.
शेजारच्या साइडवाल्या रूममध्ये बदलापूरचे विष्णुपंत आणि कुमुदिनीबाई उतरलेत. खिडकीत हा एवढा समुद्र. त्यांचंही बुकिंग लछमनदासकडचंच. वृंदा सकाळपासून त्यांच्या खिडकीत. मला विश्रांती मिळावी म्हणून असेल.
दुपारी विष्णुपंत म्हणाले, आजची रात्र रूम बदलून घ्या की. वृंदाचा चेहरा उजळला. मी म्हटलं, छे छे, आमचाच रूम थंड आहे! तिचा चेहरा परत होता तसा झाला.
का नको म्हणालो? देवा, आता हो कसं म्हणू?

संध्याकाळी
वाळूत चालताना वृंदाने विचारलं, बुकिंगच्या वेळी चुकलं ना तुमचं? एवढं म्हणा, मग दोघं मिळून हसू. शब्द अगदी ओठांवर आला होता. म्हटलं, त्या लछमनदासचं हिंदी कच्चं आहे.
ती वळून एकटीच हॉटेलकडे चालू लागली.

१२ फेब्रुवारी
परतताना पनवेल स्टँडवर वृंदा साताऱ्याच्या गाडीत बसली. खिडकीची जागा मिळाली तिला. खालून ओरडून सांगितलं, लवकर ये. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसणार, नाहीतर इकडे बघितलं असतं.

१९ फेब्रुवारी, रविवार
शेजाऱ्यांना सांगितलंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात. साताऱ्याला पत्र टाकणार होतो. पण पहिलं वाक्य तेच लिहावं लागेल, म्हणून राहिलं.
जेवून आडवा झालो. डबलबेडवर मधोमध झोपून पाहिलं. दोन्हीकडे ऐसपैस जागा.
मी म्हणतच होतो, बीचमध्ये थंड असतं.