नाव घेते

ता. ११ जुलै १९८३

सापडले! हे सापडले. देवा, तुझे उपकार.

सकाळी भाजी आणतो म्हणून निघाले, ते दुपार झाली तरी नाहीत. बाजार पाहिला, हे कापूस तोलायचे ते जिन पाहिलं, देऊळ पाहिलं. देवळीत कुठेच नाहीत! शेवटी गल्लीतला रूपराव घेऊन आला. तो पुलगावच्या गिरणीत आहे. पाळी सुटल्यावर स्टेशनावरून येत होता, तर हे बाकड्यावर बसलेले. पायात एकच चप्पल. एसटीत कधी बसले, का बसले, काही सांगता येईना. हमाल भोवती जमले होते — 'बाबाजी, नाव काय तुमचं? गाव कोन्तं?' तर हे म्हणाले, 'घरी इचारून सांगतो.'

'काकू, घरी इचारून सांगतो म्हने!' रूपराव हसत होता. मीही हसले. मग आत जाऊन चुलीपुढे बसले.

रूपराव दिसला नसता तर? फलाटाला गाडी लागलेलीच होती म्हणे.

ता. १४ जुलै

ह्यांना घेऊन वर्ध्याला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? हे म्हणाले, 'बाजाराचा.' मुली किती? 'आहेत.' आमची एकच, कोकिळा, हिंगणीला दिलेली.

बाहेर बोलावून मला सांगितलं — मेंदू थकत चालला आहे, ह्याला औषध नाही, हळूहळू वाढेल. घरच्या माणसाने सांभाळायचं. वस्तू जागच्या जागी ठेवा, चिठ्ठ्या लावा, रोज एकच क्रम ठेवा. आणि नावाने हाक मारा.

'तुम्ही काय म्हणून हाक मारता?'

'अहो.'

'अहो तर सगळेच असतात, बाई! उठता-बसता नाव कानावर पडलं पाहिजे. हरवले तर निदान नाव तरी सांगता येईल. शिकलेल्या आहात ना तुम्ही?'

मॅट्रिक आहे. पण लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव मी तोंडातून काढलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच, उखाण्यात चालतं. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते. ह्यांचं नाव तर देवाचंच. श्रावणात देवळात सगळ्या बाया 'हर हर' म्हणून पुढचं म्हणतात, मी 'हर हर' म्हणते आणि ओठ मिटते. इतकी वर्षं मिटले.

आता कशी उघडू?

ता. १७ जुलै

जुन्या कॅलेंडरची पानं जपून ठेवली होती, त्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. मीठ. साखर. कपडे. संडास इकडे. विकतचा कागद कशाला? कणकेची खळ केली आणि चिकटवलं. ह्यांना वाचता येतं अजून. सकाळभर घरातून फिरून सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, शाळा भरल्यासारख्या! साखरेचा डबा बरोबर काढून दिला.

दाराला आतून लावलं — बाहेर जाऊ नका. संध्याकाळी शेजारच्या कुंताबाई विरजण मागून परत निघाल्या, तर हे दारात आडवे. 'बाई, बाहेर जाऊ नोका. लिवलं आहे.'

कुंताबाई किती वेळ बसून होत्या!

ता. २० जुलै

ह्यांच्या बंडीच्या खिशात नावाची चिठ्ठी ठेवली. महादेवराव, जिनातले काटेवाले, देवळी. लिहिलं तर दोष नाही, बोलण्यात आहे — असं मीच ठरवलं.

ता. २१ जुलै

हे ती चिठ्ठी पिठाच्या गिरणीवाल्याला देऊन आले. पावती म्हणून.

ता. २६ जुलै

युक्ती सुचली! देवानेच सुचवली. उखाण्यात चालतं ना? मग रोज सकाळी चहाबरोबर उखाणा —

पऱ्हाटीच्या बोंडात सरकीचा दाणा,
महादेवरावांचं नाव घेते, तुम्हीबी म्हणा.

पहिल्यांदा ऐकून हे असे लाजले! 'हे काय वो सकाळी सकाळी?' मग म्हणाले, महादेवराव. मी म्हटलं, पुन्हा. महादेवराव. ह्या वयात बाशिंग बांधल्यासारखं वाटलं. पण नाव निघालं.

ता. २ ऑगस्ट

आठवडाभर रोज घेते आहे. कोकिळा आली आहे. तिला दोन घास सुखाचे मिळावे तर इथे बापाच्या मागे धावते आहे. तिने गंमत म्हणून विचारलं, 'बाबा, तुमचं नाव काय?'

हे सावरून बसले आणि म्हणाले, 'पऱ्हाटीच्या बोंडात सरकीचा दाणा, महादेवरावांचं नाव घेते, तुम्हीबी म्हणा.'

घेते!

कोकिळा हसून हसून लोळली, मग रडायला लागली. ओट्यावर पोरं होती, त्यांनी ऐकलं. आता जाता-येता ओरडतात, आजोबा, नाव घ्या! आणि हे घेतात.

उद्यापासून उखाणा बंद. कोकिळा म्हणते, 'आई, सरळ नाव घे ना. म्या रोज घेतो माया नवऱ्याचं, काऊन, मेला का थो?' मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

ता. १५ ऑगस्ट

श्रावणातला पहिला सोमवार. ह्यांचा हात धरून देवळात गेले. बेल वाहिला. आरती संपली आणि सगळ्यांनी गजर केला, हर हर महादेव! — आणि मी पण केला. पूर्ण. ओठ मिटले नाहीत.

हे शेजारी उभे होते. वळून म्हणाले, 'काय?'

घंटा वाजत होती, बाया बोलत होत्या, आणि त्यांना माझाच आवाज ऐकू आला. देवाला हाक मारली आणि ओ ह्यांनी दिली. ह्याहून स्पष्ट आज्ञा कोणती असते?

ता. १६ ऑगस्ट

आज घरात घेतलं. ताट वाढलं, पाणी ठेवलं, डोळे मिटले आणि म्हटलं — महादेवराव, जेवायला या.

आले.

जीभ दिवसभर पोळल्यासारखी आहे. प्रायश्चित्त म्हणून चहा सोडला. देवा, आयुष्य माझं घटव, त्यांचं घटवू नको.

ता. १९ ऑगस्ट

कुंताबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. 'कोनाले बोलावून राह्यली वो? मले वाटलं बँकेतला सायब आला!' मग अंगणात येऊन, 'नवऱ्याले नावानं! कलेक्टरीन झाली तू तं.' डॉक्टरांनी सांगितलं म्हटलं. म्हणाल्या, 'डागदरची बायको घेते का त्याचं नाव? इचारलं का?'

नाही विचारलं.

ता. ९ सप्टेंबर

हे पुन्हा निघून गेले होते. मी विहिरीवर, दाराची कडी राहिली. माझाच हलगर्जीपणा. पण परत आले! एसटी स्टँडवर कंडक्टरने उतरवून विचारलं, बाबा, नाव काय? महादेवराव. गाव? देवळी. काय करता? जिनात काट्यावर आहो. स्टँडवरच्या हमालाने ओळखलं आणि आणून पोचवलं.

नावाने आणलं. डॉक्टरांचंच खरं, मी उगाच भ्याले. गुळाचा सांजा केला, देवापुढे ठेवला, कुंताबाईंनाही दिला. त्यांनी वाटी घासून परत दिली.

ता. १० सप्टेंबर

आता दिवसातून जमेल तितक्या वेळा घेते. महादेवराव उठा. महादेवराव तोंड धुवा. सवय होते जिभेला. 'अहो' म्हणणं जवळजवळ सुटलंच.

ता. ४ ऑक्टोबर

धोतर नेसवायला गेले तर घट्ट धरून उभे राहिले. 'बाई, तुमी बाहेर व्हा.' मला बाई म्हणाले. रोग वाढतो आहे. डॉक्टर म्हणालेच होते, वाढेल.

ता. १३ ऑक्टोबर

वागायला फार चांगले झाले आहेत, हेच वाईट आहे. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. आता म्हणतात, 'बाई, छान झालं.' पाणी दिलं तर हात जोडतात. घरात पाहुण्यासारखे बसतात, पाय आखडून.

आज भाकरीचे दोन तुकडे केले. एक ह्या तळहातावर, एक त्या. तोलून पाहिले. काट्यावरची सवय, ती नाही गेली. मोठा तुकडा ताटलीखाली झाकून ठेवला.

कोणासाठी, म्हटलं.

'घरची यायची आहे.'

मी म्हटलं, महादेवराव, मीच आहे ना! जोराने म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. मोठं माणूस वेडगळ बोललं की आपण घालतो तशी.

तो तुकडा संध्याकाळी मीच खाल्ला. अन्न टाकायचं नाही.

ता. ५ नोव्हेंबर

पाडवा. ह्यांना तेल-उटणं लावायचं, ओवाळायचं. पाट मांडला, तेल कोमट केलं. हात लावला तशी उठून उभे! 'नाई नाई. हे काम तुमचं नोहे, बाई. घरची येऊ द्या.' थंडीत उघडे उभे, अंगावर काटा, पण बसेनात. मी विनवलं, ओरडले, रडले. शेवटी पाणी निवून गेलं. निरांजन लावलं होतं ते तुळशीला ओवाळलं.

लग्न झाल्यापासून असा गेलेला हा पहिलाच पाडवा.

ता. ७ नोव्हेंबर

आज कळलं. लिहायला धजत नाही, पण लिहिते. दुसऱ्या कोणाला सांगू?

रूपराव फराळाला आला होता. हे त्याच्याशी ओट्यावर बोलत बसले. मी दाराआड ताटली घेऊन उभी. हे हळू आवाजात म्हणाले, 'रूपराव, घरची कोठी गेली रे? लय दिवस झाले. हिंगणीले गेली का पोरीकडं?'

'काकाजी, काय म्हनता! काकू घरातच तं आहे. थे कोन मंग?'

'थे? थे बाई दवाखान्यातली आहे. चांगली आहे बिचारी. रांधून देते, पानी देते.'

'आन तुमाले कोनं सांगतलं दवाखान्यातली म्हून?'

हे हसले. पूर्वी हसायचे तसेच, रूपरावलाच काही समजत नाही असे. 'अरे, नाव घेते ना मायं! दिवसभर महादेवराव, महादेवराव. घरची कधी घेईन का नाव? मरून जाईन, पन नाव नाई घेनार थे. मले पक्कं माहीत आहे.'

स्वतःचं नाव विसरले, वार विसरले, पोरगी एक का अनेक ते विसरले. हे एवढं राहिलं होतं, बायको नाव घेत नाही. ह्याच एका खुणेवर मला धरून बसले होते. आणि ती खूण मी रोज, उठता-बसता, पुसत होते.

रूपराव आत आला. माझ्याकडे न पाहता ताटली घेतली. 'काकू, थ्ये... रोगामुळं.' म्हटलं, हो.

उद्यापासून नाव नाही. उद्या हाक मारीन ती जुनीच. ऐकतील. का नाही ऐकणार?

ता. ८ नोव्हेंबर

सकाळी दाराआड उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन, पहिल्यासारखं हळू म्हटलं — अहो. ऐकलं का?

ताडकन उठले. 'आली का?' म्हणाले, चेहरा असा उजळला! दारापर्यंत आले, मला पाहिलं, आणि उजेड गेला. मग हात जोडून, राग न करता म्हणाले, 'बाई, असं तुमी नोका म्हनू. असं म्हननारी आहे मायी.'

मी बरं म्हटलं.