समाजमंदिरातला रविवार

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि आज समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या बसल्या वही उघडून तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. दमलेय मी. बीडमध्ये आमची एक छोटी संस्था आहे. इथल्या एका वस्तीत आम्ही दर रविवारी मुलांना चित्रं आणि नाटक शिकवतो. तीन वर्षं वर्ग लिंबाखाली भरला. आता तो समाजमंदिरात भरवू द्या, एवढंच विचारायला मी गेल्या आठवड्यात वस्तीतल्या लोकांना बोलावलं होतं. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

शेळ्या राखणारे एक आजोबा आधी बोलले. "तुमच्या आधी दोन संस्था येऊन गेल्या. लई गोड बोलायच्या. भिंती रंगवल्या, फोटू काढले, गेल्या. तुमी कावून राहताल?" मी म्हणाले, आम्ही कुठं जाणार नाही, आमच्या अहवालात पहिलं नाव तुमच्याच वस्तीचं असतं. "कागदावर हाय की," ते म्हणाले, "पण पोरांच्या नाटकाचा कार्यक्रम तिकडं मोठ्या हॉलमधी. आमी पोरं नटवून पाठवायची, अन् मागं भिंतीला टेकून उभं राहायचं." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मग भाजीचा गाडा लावणारी एकजण उठली. तिची पोर आमच्या वर्गात सगळ्यांत सुंदर चित्रं काढते. तिनं विचारलं, "मॅडम, एवढं चांगलं शिकवता, तर तुमची लेक कावून येत न्हाई इथं?"

मी म्हणाले, तिचा रविवारी क्लास असतो. बीडमध्ये हे कारण कुणालाही पटतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हापासून तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. तेलगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेत तुम्ही बदली होऊन आलात, तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, ही काही टिकत नाही, सहा महिन्यांत बीडला परत जाईल. तुम्ही शाळेमागं खोली घेता आणि तुमच्या मुलीला आमच्याच वर्गात, माझ्याच शेजारी बसवता. महिनाभरात माझ्या डोक्यातल्या उवा तिच्या डोक्यात. मला वाटतं, आता तुम्ही तिला माझ्याजवळून उठवणार. तर शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हा दोघींनाही घरी नेता, स्टोव्हवर चहा ठेवता आणि एकाच फणीनं आळीपाळीनं दोघींचं डोकं विंचरता. मी विचारते, "बाई, तुमी तर जाणार हाव ना?" तुम्ही माझ्या मानेवर चापट मारता. "जाईन तेव्हा जाईन. आत्ता मान खाली घाल आणि हलू नकोस." मी सातवी करून बीडला शिकायला आले, तरी तुम्ही त्याच खोलीत होता. तोवर तुम्ही जाल असं गावात कुणी म्हणेनासं झालं होतं.

समाजमंदिर मिळालं, बाई. एका महिन्यासाठी. "बघू," आजोबा म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. आज पहिला रविवार होता. नेहमीच्या निम्मी मुलं आली. भाजीवालीची पोर आली नाही, म्हणून वर्ग संपल्यावर मी गाड्यापाशी गेले. "तिला घरी काम हाय," तिची आई मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही, आणि मीही थांबले नाही.

हे लिहिलेलं वहीतच राहील. तुमची मुलगी अजून अधूनमधून फोन करते, पण तिलाही मी हे वाचून दाखवणार नाही. रविवारी माझ्या मुलीला कुठलाच क्लास नसतो, बाई. मागच्या वर्षी तिनं आपणहून विचारलं होतं, "आई, मी येऊ का तुझ्याबरोबर?" आणि मी म्हणाले होते, "नको, तुला तिथं करमायचं नाही."